स्टाफरूमबाहेरचं हसू
(विद्यापीठीय कथा-कादंबरीतल्या विनोदाची प्रस्तावना)

१

मराठी विनोदकारांची हजेरी घ्यायला बसलं तर दर दोन-तीन नावांमागे एक प्राध्यापक 'हजर' म्हणतो. चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. द. मा. मिरासदार पुण्याच्या गरवारे कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. 'बंडू'च्या कथा लिहिणारे गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत आणि पुढे मुंबईच्या नरसी मोनजी कॉलेजचे प्राचार्य झाले. या चौघांनी मराठी माणसाला पिढ्यान् पिढ्या हसवलं. पण कोणावर हसवलं? जोशींचा चिमणराव कारकून आहे. पु. लं.च्या बटाट्याच्या चाळीतले बिऱ्हाडकरू नोकरदार आहेत. मिरासदारांची माणसं गावातली, पारावरची, फार तर शाळेतली. बंडू हा सामान्य मध्यमवर्गीय गृहस्थ. ज्या कॉलेजांच्या मस्टरवर या लेखकांनी सह्या केल्या, ती कॉलेजं त्यांच्या विनोदात जवळजवळ येतच नाहीत. शाळा येते. पु. लं.चे चितळे मास्तर येतात, 'बिगरी ते मॅट्रिक' हा सगळा प्रवास येतो. मॅट्रिकच्या पुढे मात्र लेखणी अदबीने थांबते.

ही अदब कुठून आली, ती कोणी मोडली आणि मोडल्यावर काय हाती लागलं, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. ती एका पुस्तकाची नाही, एका विषयाची आहे. विद्यापीठ आणि कॉलेज यांच्या आयुष्यावर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांतला विनोद, असा तो विषय. आणि ती विशेषकरून मुळशी तालुक्यात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या, आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या वाचकांना समोर धरून लिहिली आहे. मुळशीच का, ते शेवटाकडे येईल.

२

अदबीचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. टिळक, आगरकर यांच्यासारख्या माणसांनी सरकारी नोकरीचा मोह सोडून तुटपुंज्या पगारावर शिकवायला उभं राहायचं ठरवलं. पुढे 'आजीव सदस्य' नावाची एक जमातच पुण्यात तयार झाली. कॉलेजात शिकवणं ही नोकरी नव्हती, व्रत होतं. र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, तेव्हा 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या नावाआधी कायमची चिकटली. अशा माणसांची टिंगल करायची म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखं. व्रतस्थ माणसावर विनोद होत नाही असं नाही, पण तो घरातल्या घरात होतो, छापून येत नाही.

शिवाय कॉलेजात पोचणारे होते किती? वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांसाठी कॉलेज हे स्वप्न होतं. स्वप्नाची कादंबरी लिहिता येते, आणि ना. सी. फडक्यांनी ती लिहिली. ते स्वतः कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्या कादंबऱ्यांतले सुशिक्षित, देखणे तरुण-तरुणी वाचकांनी डोक्यावर घेतले, पण त्या जगात परीक्षेची फी भरायला पैसे नाहीत म्हणून कोणी चहा सोडला आहे असं फारसं दिसत नाही. पोटाला चिमटा नसला की प्रणय रंगतो. विनोदाला मात्र तो चिमटा लागतो.

नाटकाने थोडी धिटाई दाखवली. वसंत कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. कॉलेजात शिकवत. त्यांचं 'प्रेमा तुझा रंग कसा?' १९६१ साली आलं आणि त्यात प्राध्यापकाचं घर रंगमंचावर आलं. पण तिथेही हसू आहे ते प्राध्यापकाच्या संसारावर आणि मुलांच्या प्रेमविवाहांवर. त्यांचा वर्ग, त्यांचं डिपार्टमेंट, त्यांची संस्था पडद्यामागेच राहिली.

३

ही अदब मोडली ती सांगवीहून पुण्याला आलेल्या एका मुलाने. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखक पंचविशीत होता, नायक पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचा. खानदेशातल्या खात्यापित्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यात कॉलेजात शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, गॅदरिंगच्या आणि मेसच्या उचापतींत पैसे आणि अब्रू दोन्ही घालवून बसतो, परीक्षांत मार खातो आणि पदवी न घेता गावी परत जातो. मधे धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. गोष्ट एवढीच. मग या कादंबरीला विनोदी का म्हणायचं?

कारण त्या आधी मराठीत कोणी कॉलेजकडे असं पाहिलं नव्हतं. पांडुरंगाला कॉलेजबद्दल राग नाही, भक्तीही नाही. त्याला फक्त सगळं दिसतं. वक्तृत्व मंडळात मोठमोठ्या विषयांवर बोलणारी मुलं दिसतात आणि तीच मुलं मेसच्या बिलावरून कशी लबाडी करतात तेही दिसतं. वडील पैसे पाठवतात, आणि प्रत्येक पैशाबरोबर वडिलांचा हिशेब मागणारा डोळाही येतो. शिक्षणाचं सारं उदात्त बोलणं या दोन हिशेबांमध्ये, बापाच्या आणि मेसच्या, चेंगरतं. तिथून हसू फुटतं.

दुसरं म्हणजे भाषा. पांडुरंग बोलता बोलता रोजनिशीत शिरतो, इतिहास लिहिणाऱ्याचा आव आणतो, संशोधकाचा गंभीर चेहरा करून फालतू गोष्टींवर खल करतो. विद्यापीठात ज्या भाषेने माणसाला मान मिळतो तीच भाषा तो होस्टेलच्या खोलीतल्या उकिरड्याला लावतो. वाक्यांत जागोजागी येणारे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे त्याच सोंगाचे भाग. पुढच्या पिढीने ते शब्द इतके उचलले की कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं पांडुरंगासारखी बोलू लागली. मासिकांतही तसे 'पांडुरंग' उगवले. नक्कल करणाऱ्यांनी शब्द उचलले. शब्दामागची भूक आणि शरम त्यांच्या हाती लागली नाही.

आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं. 'कोसला'तलं हसू मनीच्या मरणाने थांबत नाही, ते आंबतं. पुढे वाचताना आधीची सगळी मौज आठवते आणि ती हसण्याजोगी होती की नव्हती, असा प्रश्न पडतो. विद्यापीठीय विनोदाची हीच कसोटी मानावी. नुसता किस्सा एकदा हसवतो. चांगली कादंबरी आधी हसवते आणि मग तुम्ही कशाला हसलात ते विचारते.

४

नेमाडे तिथे थांबले नाहीत. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांत त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकली. आता नायक विद्यार्थी नाही, चांगदेव पाटील नावाचा तरुण प्राध्यापक आहे. तो एका गावातल्या कॉलेजातून दुसऱ्या गावातल्या कॉलेजात जातो. प्रत्येक ठिकाणी नवी खोली, नवा घरमालक, नवी खाणावळ, नवा प्राचार्य आणि जुनंच राजकारण. नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद इथल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे स्टाफरूममधले बारकावे त्यांच्या लेखणीत आपसूक उतरतात. नवा मास्तर आला की पहिला प्रश्न त्याच्या विषयाचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावावरून जात, जातीवरून गट, गटावरून तो कोणाचा माणूस. कॉलेजातला सगळा विनोद या एका साखळीला लटकलेला असतो.

इथे इंग्रजीतल्या एका कादंबरीची आठवण हवी. किंग्सली एमिसची 'लकी जिम' १९५४ साली आली. तिचा नायक जिम डिक्सन इतिहासाचा हंगामी लेक्चरर आहे. नोकरी टिकवायची तर प्रोफेसर वेल्शची मर्जी सांभाळायला हवी, म्हणून तो त्यांच्या घरी गाण्याच्या मैफलीला जातो, रात्री पलंगावरची चादर सिगारेटने जाळतो, आणि सकाळी जळलेली भोकं लपवायची म्हणून आणखी मोठी भोकं कापत बसतो. शेवटी दारू पिऊन जाहीर व्याख्यान देतो आणि ते अर्ध्यावर कोसळतं. मेरी मॅकार्थीची 'द ग्रोव्ह्ज ऑफ अॅकॅडीम' (१९५२), नाबोकॉव्हची 'प्निन' (१९५७), माल्कम ब्रॅडबरीची 'द हिस्टरी मॅन' (१९७५) आणि डेव्हिड लॉजच्या 'चेंजिंग प्लेसेस'पासून (१९७५) 'नाइस वर्क'पर्यंतच्या (१९८८) तीन कादंबऱ्या अशी ही परंपरा आहे.

जिम आणि चांगदेव दोघेही हंगामी. दोघांनाही वरच्यांची मर्जी लागते. पण फरक बघा. जिमचं संकट वर्गाचं आहे, म्हणजे समाजातल्या वर्गाचं. मैफली, उच्चार, शेरी पिण्याच्या रीती, या सगळ्यांत तो कमी पडतो. चांगदेवाचं संकट खोलीचं आहे. कोणती जात सांगितली तर खोली मिळेल, मेसवाला किती दिवस उधारी चालवील, पुढल्या वर्षी वर्कलोड भरला नाही तर काय, हे त्याचे प्रश्न. जिमला शेवटी लंडनमध्ये चांगली नोकरी मिळते आणि मुलगीही मिळते. चांगदेव पुढच्या गावाची गाडी पकडतो. मराठी विद्यापीठीय विनोदाला सुखान्त मानवत नाही. तो मानवावा अशी परिस्थितीच त्याला भेटली नाही.

विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) ही कादंबरी याच हंगामीपणाला देशाबाहेर नेते. ते इराकमध्ये बसराच्या विद्यापीठात शिकवून आले होते, आणि त्यांचा मराठी नायकही तिथेच शिकवतो. परक्या देशातलं परकं विद्यापीठ, परकी सत्ता, आणि आपण कुणीच नाही ही जाणीव. त्यातलं हसू काळं आहे, पण आहे.

५

प्राध्यापकांनी कॉलेजवर विनोद करायला उशीर लावला. मुलं मात्र कधीच थांबली नव्हती. त्यांचा विनोद छापला जात नसे एवढंच.

फिशपाँड घ्या. गॅदरिंगच्या आधी आठ-पंधरा दिवस लायब्ररीजवळ वरून फट पाडलेलं एक खोकं ठेवलेलं असतं. त्यात ज्याने त्याने निनावी चिठ्ठी टाकायची: कोणा मुलावर, मुलीवर, सरांवर एक टोमणा, शक्यतो यमक जुळवून किंवा सिनेमाच्या गाण्याची मोडतोड करून. जुन्या भाषेत याला शेलापागोटे म्हणत. मग चिठ्ठ्यांना चाळणी लागते. एक तरुण सर आणि दोन-चार मुलं एका वर्गात दार लावून बसतात. सर वाचतात, खो खो हसतात, आणि हसून झाल्यावर म्हणतात, "हे नको, प्राचार्य पहिल्या रांगेत असतात." गॅदरिंगच्या दिवशी जे मोठ्याने वाचलं जातं ते उरलेलं असतं. खरा फिशपाँड चाळणीतच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पाठ असतो.

या खोक्यात विद्यापीठीय विनोदाची सगळी ताकद आहे आणि सगळा दोषही. ताकद अशी, की वर्षभर न बोलणारा मुलगा एका ओळीत एचओडींचा तोरा उतरवतो. दोष असा, की तीच निनावी चिठ्ठी एखाद्या मुलीच्या रंगावर, एखाद्याच्या गावठी बोलण्यावर, फ्रीशिपवर, आडनावावर येते, आणि सभागृह तेवढ्याच जोरात हसतं. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, गावोगावची मुलं होस्टेलांत आली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कॉलेजांत हसणारे कोण आणि हसले जाणारे कोण, हा प्रश्न सतत आहे. मुलींच्या बाबतीत तो आजही तसाच आहे. इंग्रजीत विद्यापीठीय कादंबरीची सुरुवात ज्या मोजक्या पुस्तकांनी केली त्यांत मेरी मॅकार्थीचं नाव पुढे आहे. मराठीत कॉलेजच्या विनोदात मुलगी बहुधा विषय राहिली, सांगणारी क्वचितच झाली.

'कोसला'च्याच वर्षी, १९६३ साली, पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी उठली की दोन महिने लेक्चर बुडवून केलेल्या तालमींचं सार्थक होतं. कॉलेजच्या मुलांचं हजरजबाबी, उर्मट, एकमेकांचे पाय ओढणारं बोलणं रंगमंचावर यायला या स्पर्धेची मोठी मदत झाली. पुढे मराठी नाटक-सिनेमांत गेलेल्या कितीतरी लेखक-दिग्दर्शकांनी विनोदाचं टायमिंग इथेच शिकून घेतलं.

आणि कादंबरीत कट्टा आणला तो सुहास शिरवळकरांनी. त्यांची 'दुनियादारी' १९८२ साली आली. श्रेयस तळवलकर, डीएसपी आणि त्यांची टोळी, एसपी कॉलेजचा परिसर, टोपणनावं, शिव्या, मारामाऱ्या, प्रेम. समीक्षकांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. होस्टेलच्या खोल्यांमध्ये मात्र तिच्या प्रती हातोहात फिरून फाटल्या. २०१३ साली तिच्यावर सिनेमा निघाला आणि तो तुफान चालला, तेव्हा कथेचं वय तीस वर्षांचं होतं. शिरवळकर तोवर गेले होते. 'दुनियादारी'चा विनोद 'कोसला'इतका खोल नाही. पण मित्रांमधली शिवीगाळ ही कधी माया असते आणि कधी भीती लपवण्याची युक्ती असते, हे तिला नेमकं कळलं आहे.

६

१९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना दार उघडलं. त्याने विषयाचा पायाच बदलला. आजीव सदस्याच्या जागी संस्थाचालक आला, व्रताच्या जागी डोनेशन आलं. वर्तमानपत्रांनी 'शिक्षणमहर्षी' आणि 'शिक्षणसम्राट' असे किताब वाटले. कोणता किताब गंभीरपणे दिला आहे आणि कोणता नाही, ते वाचकांनी ओळखायचं.

अशा संस्थाचालकावर, हा बदल यायच्या आधीच, जोरात हसलेलं पुस्तक हिंदीतलं आहे. श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' १९६८ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवपालगंज नावाच्या गावात एक इंटर कॉलेज आहे. त्याचे मॅनेजर वैद्यजी. गावातलं राजकारणही त्यांच्याच हातात, आणि प्रिन्सिपॉल त्यांच्या दारात. शहरातून एम. ए. झालेला रंगनाथ तब्येत सुधारायला गावात येतो आणि गाव त्याचं शिक्षण सुरू करतं. शुक्ल सरकारी अधिकारी होते, मास्तर नव्हते. म्हणूनच कदाचित त्यांना कॉलेजची अदब बाळगावी लागली नाही.

आपल्याकडे नव्या काळाने विनोदाला जे सर्वांत मोठं भांडवल दिलं ते म्हणजे नॅक. ही मूल्यांकन परिषद १९९४ साली स्थापन झाली आणि तिची समिती येणार ही बातमी हळूहळू प्रत्येक कॉलेजात पोचली. समिती यायच्या आधीचा आठवडा ज्याने पाहिला त्याला वेगळं कथानक रचावं लागत नाही. भाड्याच्या कुंड्या उतरतात. कोपऱ्यातल्या बंद खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी चढते. दोन वर्षांत न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं एका संध्याकाळी लिहून होतात आणि त्यांत सूचक-अनुमोदकही असतात. ग्रंथपाल पुस्तकांवरची धूळ झटकतात आणि काही पुस्तकं पहिल्यांदाच हाताळतात. मुलांना सांगितलं जातं, विचारलं तर इंग्रजीत बोला, जमलं नाही तर हसा. समिती येते, शाल-श्रीफळ घेते, फाइली चाळते. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कोणीच काही बोलत नाही. इतकं तयार नाटक मराठी लेखकाच्या पुढ्यात पडलं आहे. त्यात तासिका तत्त्वावर शिकवणारे, आज या कॉलेजात उद्या त्या कॉलेजात धावणारे शेकडो चांगदेव आहेत. नेट झालेले, सेट झालेले, पीएच.डी.ही झालेले, आणि महिन्याच्या शेवटी मानधनाची वाट पाहणारे.

इथे सावध राहायला हवं. या माणसांवर हसायचं नाही. त्यांच्याबरोबर, त्यांच्या डोळ्यांनी, त्यांना असं राबवणाऱ्या व्यवस्थेवर हसायचं आहे. विनोदी लेखकाने भाड्याच्या कुंडीवर हसावं, पण ती कुंडी उचलून आणणाऱ्या शिपायावर नाही.

७

आता मुळशी. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात विद्यापीठ राहायला आलं. त्यानंतर पन्नासएक वर्षं विद्यापीठीय गोष्टीची दिशा एकच राहिली: गावातून पुण्याकडे. सांगवीकर पुण्याला आला, आणि त्याच्यासारखी हजारो मुलं ट्रंक, वळकटी आणि बापाचा पत्ता घेऊन पुण्याला आली.

मुळशीत ही दिशा उलटली. चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिक्षणाच्या पाट्या दिसू लागतात. लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचं अभिमत विद्यापीठ आहे, तिथेच फ्लेम विद्यापीठ आहे. खुबवलीला १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे आणि तिथे अनेक देशांतली मुलं राहून शिकतात. हिंजवडीचं आयटी पार्कही याच तालुक्यात. आता विद्यापीठाकडे जावं लागत नाही, विद्यापीठ भाताच्या खाचरापाशी येऊन उभं आहे.

आणि ही जमीन कोरी नाही. १९२१ ते १९२४ या काळात इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते होते आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना इथेच मिळाली. डेक्कन कॉलेजात शिकून शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेलेला हा माणूस खाचरांच्या बांधावर उभा राहिला, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. शेवटी धरण झालं. मुळशीचं पाणी आजही कोकणात भिऱ्याला उतरतं आणि वीज मुंबईला जाते. काही दशकांनी पुन्हा जमिनी गेल्या, या वेळी बुडाल्या नाहीत, विकल्या गेल्या. त्या विक्रीनंतर काय झालं ते प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या सिनेमाने दाखवलं. त्याची दुसरी बाजू, म्हणजे विकलेल्या जमिनीवर उगवलेलं शिक्षण, ही विनोदी कादंबरीची हक्काची जागा आहे.

या कादंबरीतला 'नवखा' कोण असेल? मुंबई, दिल्ली, बंगळुरूहून आलेला मुलगा असेल, ज्याला पौड रोडच्या हॉटेलात मिसळ मागवताना घाम फुटतो. पण त्याहून जास्त शक्यता गावातल्या माणसाच्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या मुलांना भाड्याने देणारी मावशी, जी प्रत्येक बॅचचे ब्रेकअप भाड्याच्या वहीत नोंदवल्यासारखे लक्षात ठेवते. गेटवर उभा राहणारा तरुण, ज्याच्या आजोबांचं खाचर आता लॉन झालं आहे आणि ज्याला त्या लॉनवर चालू नका असं सांगण्याची नोकरी मिळाली आहे. किंवा दरवर्षी 'ग्रामीण जीवनाचा अभ्यास' करायला येणाऱ्या मुलांना उत्तरं देऊन देऊन तरबेज झालेले आजोबा. मुलगी प्रश्नावली उघडते, आजोबा चौथ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नालाच देऊन टाकतात, आणि शेवटी शांतपणे विचारतात, "बाळ, तुमच्या घरी पाणी किती वेळ येतं? आणि घरात निर्णय कोण घेतं?" त्या मुलीकडे दोन्ही प्रश्नांचं उत्तर नसतं. या एका प्रसंगात शुक्लांचं शिवपालगंज आणि नेमाड्यांची सांगवी दोन्ही मावतात, पण दोघांपैकी कोणीही तो लिहू शकला नसता. तो मुळशीतच लिहिता येईल.

८

आता वाचनाबद्दल दोन शब्द. या विषयात नव्याने शिरणाऱ्याने 'कोसला'पासून सुरुवात करावी, पण तिच्या भाषेच्या मोहात न पडता. मग 'दुनियादारी' वाचावी, म्हणजे कट्ट्याचा आवाज कानात बसेल. त्यानंतर 'बिढार', 'जरीला', 'झूल' सलग वाचाव्यात, कारण टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय कॉलेज कळत नाही. मग 'लकी जिम' आणि 'राग दरबारी', म्हणजे आपलं वेगळेपण कुठे आहे ते दिसेल. चितळे मास्तर आणि सखाराम गटणे अधूनमधून पुन्हा वाचावेत, पु. लं.नी जिथे लेखणी थांबवली ती रेघ ओळखण्यासाठी.

हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. विद्यापीठावरचा टिकाऊ विनोद आत स्थिरावलेल्या माणसाने लिहिलेला नाही. तो ज्याला आत घेतलं पण बसायला खुर्ची दिली नाही त्याने लिहिला: गावाहून आलेल्या मुलाने, हंगामी लेक्चररने, परदेशात शिकवणाऱ्या परक्याने, कॉलेजात न शिकवता बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याने. प्राध्यापकांपाशी प्रतिभा कमी नव्हती, याची साक्ष सुरुवातीला आलेली चार नावं देतात. त्यांना आडवी आली ती खुर्ची.

म्हणून मुळशीतल्या लिहित्या माणसांना एवढीच विनंती. कॅम्पसवर लिहा, पण भाडं किती, बस किती वाजता, मेसची भाजी कोणती, आणि सही कोणाच्या मस्टरवर, हे खोटं लिहू नका. लवळ्याच्या गेटच्या आत राहत असाल तर बाहेरच्याच्या नजरेने लिहा, आणि बाहेर राहत असाल तर भिडस्तपणे गप्प राहू नका. मराठीत हा प्रकार अजून तरुण आहे, त्याला तुमची गरज आहे. आणि ज्यांना विनोदी लिहिता येत नाही असं वाटतं त्यांनी आपल्या विभागाच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त काढून, एकही शब्द न बदलता, मोठ्याने वाचून पाहावं.